ग्वाल्हेरचा आबरू

डिसेंबरात तानसेन समारोह भरला की आपल्यापैकी बरेचजण हजीऱ्याला जातात. गाणे ऐकतात, तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेची दोन पाने तोंडात टाकतात आणि थंडी वाढायच्या आत लष्करात घरी परततात. समाधीशेजारी दगडी जाळ्यांची जी मोठी इमारत आहे ती शेख मुहम्मद गौस यांची. तानसेनाचे ते गुरू मानले जातात. आम्हीही इतकी वर्षे त्या जाळ्या पाहिल्या, पाहुण्यांना दाखवल्या, फोटो काढले. या गौस साहेबांच्या वंशात एक मोठा कवी जन्मला आणि तो इथून दिल्लीला गेला, हे मात्र आम्हाला चाळिशी उलटल्यावर कळले.

त्या कवीचे नाव नजमुद्दीन. लोक त्याला शाह मुबारक म्हणत. कवितेत त्याने स्वतःचे नाव घेतले आबरू. उत्तर हिंदुस्थानात उर्दू कविता ज्या चार-सहा जणांनी उभी केली त्यांत त्याचे नाव पहिल्या ओळीत येते. आपल्या उत्सवात भा. रा. तांबे यांच्या कविता गायल्या जातात, मुक्तिबोधांचा जन्म श्योपूरचा हे आपण अभिमानाने सांगतो. आबरूविषयी मात्र कोणी बोलत नाही. एक कारण सोपे आहे. तो उर्दूचा, आणि आपल्याला ती लिपी येत नाही. आम्हालाही येत नाही. आम्ही जे वाचले ते देवनागरीत उतरवलेले आणि हिंदी-इंग्रजीतून. दुसरे कारण जरा अडचणीचे आहे. आबरूची प्रेमकविता पुरुषाने पुरुषावर केलेल्या प्रेमाची आहे. आणि ते त्याने लपवले नाही.

त्याचा जन्म १६८३ ते १६८५ च्या सुमाराचा. दक्षिणेत तेव्हा संभाजी महाराज गादीवर होते आणि औरंगजेब त्यांच्या मागे लागून दख्खनेत उतरला होता. ग्वाल्हेरचा किल्ला मोगलांकडे होता आणि त्याचा मुख्य उपयोग राजघराण्यातल्या नको असलेल्या माणसांना कोंडण्यासाठी होई. आपले लोक इथे यायला अजून बराच अवकाश होता. दौलतराव शिंद्यांची छावणी पडून तिचे लष्कर झाले ते १८१० साली. म्हणजे आबरू या गावचा आहे तो आपल्याही शंभर-सव्वाशे वर्षे आधीचा. इथले जुने रहिवासी म्हणून आपण मिरवतो तेव्हा हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

तरुणपणीच तो दिल्लीला गेला. नात्यातलेच सिराजुद्दीन अली खान, ज्यांना खान-ए-आरझू म्हणतात, ते पुढे दिल्लीत फार मोठे विद्वान म्हणून गाजले. त्यांचेही आयुष्याचे आधीचे दिवस ग्वाल्हेरात गेले होते. आरझू वयाने आबरूपेक्षा थोडे लहान, तरी आबरू आपली कविता त्यांना दाखवून घेत असे. वयाचा मान बाजूला ठेवून विद्येचा मान ठेवणे आपल्या संगीतातल्या लोकांना नवे नाही. याच आरझूंनी आपल्या शब्दकोशात ग्वाल्हेरची बोली ही हिंदुस्थानी बोलींत सर्वांत डौलदार ठरवली आहे. मानसिंग तोमरांच्या काळापासून इथल्या धृपदाची आणि ब्रजभाषेची जी प्रतिष्ठा होती ती दिल्लीपर्यंत पोचलेली होती. आबरूच्या गझलांत ब्रजचे शब्द सहज येतात ते उगाच नव्हेत.

दिल्लीत तेव्हा कविता म्हणजे फारसी. घरात, बाजारात लोक हिंदवी बोलत, पण कागदावर लिहायची ती फारसी. देशी भाषेत रचना केली तर ती गंमत म्हणून. हे चित्र बदलायला कारण झाली आपल्या औरंगाबादची एक वही. वली नावाचा कवी, दख्खनी उर्दूचा, त्याचा काव्यसंग्रह १७२० च्या आसपास दिल्लीत आला. मुहम्मदशाह नुकताच तख्तावर आला होता. वलीच्या गझला गल्लीबोळांत गायल्या जाऊ लागल्या आणि दिल्लीच्या कवींच्या ध्यानात आले की आपण बोलतो त्या भाषेत असे लिहिता येते. दक्षिणेतून आलेल्या या ठिणगीवर ज्यांनी फुंकर घातली त्यांत आबरू, नाजी, मजमून, यकरंग आणि हातिम ही नावे मुख्य. त्यांतही आबरू वडीलधारा. म्हणजे दिल्लीची उर्दू कविता घडली ती औरंगाबादच्या वहीने आणि ग्वाल्हेरच्या माणसाने, असे आम्ही म्हटले तर अतिशयोक्ती थोडीच होईल.

या मंडळींना एका अलंकाराचे वेड होते. त्याला ईहाम म्हणतात. आपल्याकडचा श्लेष त्याच्या जवळचा. पण श्लेषात दोन्ही अर्थ चालतात, ईहामात कवी ऐकणाऱ्याला मुद्दाम चुकवतो. देवीने मुलीला वर दिला असे म्हटले की आपल्याला आशीर्वाद आठवतो. कवीच्या मनात मात्र नवरदेव असतो. मोरोपंतांची आर्या आवडीने सोडवत बसणाऱ्या घरांत याचे नवल वाटायला नको. कोट्या करणाऱ्याला आपण आजही पहिल्या रांगेत बसवतो. आबरूचे टोपणनावही तसेच आहे. आपल्या मराठीतली अब्रू तीच ही, फारसीतून आलेली. आब म्हणजे पाणी, तेज, आणि रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी म्हणजे इज्जत. पण पहिला स्वर ऱ्हस्व केला, आपण मराठीत करतो तसा, की फारसीत त्याचा अर्थ होतो भुवई. प्रेमकवितेत भुवईचे स्थान काय असते ते सांगायला नको. एका नावात इज्जत आणि सौंदर्य दोन्ही धरून बसलेला हा माणूस.

त्याचा एक डोळा गेलेला होता. मिर्झा मझहर जान-ए-जानाँ हे त्याच काळातले सूफी आणि कवी. त्यांचे आणि आबरूचे पटत नसे आणि दोघांनी एकमेकांवर पद्यात चिखलफेक केली. त्यात या डोळ्याचा उद्धार झाला. कवींची भांडणे सगळीकडे सारखीच. काही काळ आबरू नारनौलला होता, नंतर पुन्हा दिल्ली. राहणी फकिरी वळणाची, घराणेच सूफी. दरबारात मानकरी होऊन बसल्याचे कुठे दिसत नाही.

त्याच्या प्रेमाविषयी जुन्या चरित्रकारांनी एक नाव स्वच्छ लिहून ठेवले आहे. शाह कमाल बुखारी यांचा मुलगा मीर मक्खन. तोही कवी, त्याचे टोपणनाव पाकबाज, म्हणजे ज्याचे मन निर्मळ आहे असा. आबरूचे त्याच्यावर प्रेम होते आणि त्याच्या कवितेत मक्खनचा उल्लेख येतो. लोणी या अर्थाने येतो की माणूस या अर्थाने, ते ईहामात गुंडाळलेले. चरित्रकार हे सांगताना कुजबुजत नाहीत. अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा, अमक्याचा शिष्य, अमक्यावर प्रेम, असे एका दमात सांगून ते पुढे जातात. आम्हाला सगळ्यात आश्चर्य वाटले ते या सरळपणाचे.

इथे भाषेविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर गैरसमज होईल. फारसीत तो आणि ती असा भेदच नाही. उर्दू गझलेत प्रिय व्यक्ती व्याकरणाने पुल्लिंगी लिहायचा रिवाज पडला, मग मनात स्त्री असो, पुरुष असो की परमेश्वर. त्यामुळे उर्दू कवीला आडोसा आयताच मिळतो. आपल्या मराठीत क्रियापदच चुगली करते. आला की आली, हे बोलल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. आपल्या संतांनी त्यातून निराळी वाट काढली. ज्ञानेश्वरांनी विराणी लिहिताना आणि एकनाथांनी गौळण लिहिताना स्त्रीचा आवाज घेतला आणि त्यात कोणाला गैर वाटले नाही. आबरूला मात्र व्याकरणाचा आडोसा पुरेसा होता, तरी तो त्याच्यामागे उभा राहिला नाही. पगडी, अंगरखा, चाल, नावगाव, सगळे त्याच्या कवितेत आहे. एका दीर्घ काव्यात तर तो एका देखण्या तरुणाला केस कसे राखावेत, कपडे कसे निवडावेत, चार लोकांत बोलावे कसे आणि स्वतःला स्वस्त कसे करू नये, याचा वडीलकीने सल्ला देतो. दिल्लीच्या त्या काळच्या पेहरावाची माहिती हवी असणारे अभ्यासक आजही ते काव्य उघडतात.

एक मात्र झाकून ठेवत नाही. त्या काव्यपरंपरेत प्रिय व्यक्ती मिसरूड फुटण्याच्या वयाची कल्पिलेली असते. आज वाचताना ते खटकते आणि खटकलेच पाहिजे. त्याच काळात आपल्या घरांत आठ-नऊ वर्षांच्या मुलींची लग्ने लागत होती, तेही खटकलेच पाहिजे. पूर्वजांचे सगळेच पुढे चालवायचे नसते. पण लग्नाच्या त्या चालीमुळे आपण जुने सगळे संसार खोटे ठरवत नाही, मग या कवितेतला जीव खोटा का ठरवावा, हे आम्हाला समजत नाही.

आबरू १७३३ साली दिल्लीत गेला. घोड्याची लाथ लागून मृत्यू आला. पन्नाशीच्या आसपासचे वय. सय्यद हसन रसूलनुमा यांच्या दर्ग्याजवळ त्याला पुरले. त्यानंतर चार वर्षांनी बाजीराव दिल्लीच्या वेशीवर जाऊन थडकला आणि सहा वर्षांनी नादिरशाहने शहर लुटले. ते पाहायला तो राहिला नाही.

त्याच्या मागे काय झाले ते आम्हाला त्याच्या आयुष्याइतकेच महत्त्वाचे वाटते. पिढी बदलली, ईहामाची आवड ओसरली. त्याचा सोबती हातिम याने म्हातारपणी आपल्या जुन्या कविता स्वतःच चाळून नवा संग्रह केला. मीर तकी मीर आला, त्याच्यापुढे हे सगळे जुने वाटू लागले. ही साहित्यातली नेहमीची रीत, तिच्याविषयी तक्रार नाही. खरा फरक पडला १८५७ नंतर. दिल्ली उद्ध्वस्त झाली, माणसे गेली, ग्रंथालये गेली. इंग्रजांचा दंडविधान कायदा १८६० चा, अंमल १८६२ पासून. त्याच्या ३७७ व्या कलमाने जे पूर्वी कवितेत नावानिशी लिहिले जाई ते जन्मठेपेच्या शिक्षेपर्यंत नेले. १८८० साली मुहम्मद हुसेन आझाद यांचा उर्दू कवितेचा इतिहास ‘आब-ए-हयात’ निघाला. आझादांच्या वडिलांना इंग्रजांनी सत्तावन्नच्या धामधुमीत मृत्युदंड दिला होता. आझाद स्वतः जीव घेऊन पळाले होते आणि आता इंग्रजांच्याच शिक्षणखात्यात नोकरीला होते. त्यांनी आबरूला इतिहासात जागा दिली, पाकबाजचे नावही दिले. पण पुरुषाने पुरुषावरच्या प्रेमाची कविता करावी ही इराणातून आलेली खोड आहे, आपल्या मातीतली नव्हे, अशी मांडणी त्यांनी केली. तेरा वर्षांनी अल्ताफ हुसेन हाली यांनी कवितेच्या सुधारणेवर मोठा निबंध लिहिला आणि असल्या विषयांना चांगल्या कवितेबाहेर काढले. सरकारी नोकरीत राहून, वरच्या साहेबाची नजर ओळखून लिहिणे म्हणजे काय, हे आम्हाला अंदाजाने कळते. त्यामुळे आझादांवर आम्हाला राग येत नाही, वाईट वाटते.

पुढची पिढी तेच शिकत मोठी झाली. हिंदीत १९२७ साली पांडेय बेचन शर्मा ‘उग्र’ यांचा ‘चॉकलेट’ हा कथासंग्रह निघाला. हेतू अशा संबंधांची निंदा करण्याचा. तरी निव्वळ विषय काढला म्हणून बनारसीदास चतुर्वेदींनी त्याच्याविरुद्ध मोहीम उघडली आणि असल्या लिखाणाला घासलेटी साहित्य हे नाव ठेवले. प्रकरण गांधीजींपर्यंत गेले. निंदा करायलासुद्धा तोंड उघडायचे नाही, इथपर्यंत गोष्ट आली होती.

उर्दूत पहिल्यांदा ठामपणे उभे राहिले ते रघुपती सहाय, म्हणजे फिराक गोरखपुरी. अलाहाबाद विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापक. उर्दू गझलेतल्या पुरुषप्रेमावर कोणी टीकेचा लेख लिहिला तेव्हा त्यांनी सॉक्रेटिस, मायकेलअँजेलो, शेक्सपियर, व्हिटमन अशी उदाहरणे देत उत्तर दिले. स्वतःविषयीही त्यांनी फार लपवाछपवी केली नाही. पुढे १९६९ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले, उर्दूतले पहिले. देशाने सर्वोच्च सन्मान दिला आणि देशाच्या कायद्यात ते कलम तसेच राहिले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

औरंगाबादचेच, आता छत्रपती संभाजीनगरचे, सिराज यांची गोष्टही जोडून सांगायला हवी. आबरूपेक्षा एक पिढी लहान. ‘बोस्तान-ए-खयाल’ या काव्यात त्यांनी एका तरुणावरच्या आपल्या प्रेमाची, त्यातल्या सुखाची आणि ताटातुटीची कहाणी प्रथमपुरुषी सांगितली. मराठी मुलखात बसून, बाळाजी बाजीरावांच्या काळात. आपल्या मराठीत मात्र हा विषय रंगमंचावर यायला १९८१ उजाडले, तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये, तोही दोन स्त्रियांच्या निमित्ताने. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ आली २००६ साली. सर्वोच्च न्यायालयाने ३७७ चा तो भाग ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केला. त्याआधी पाच वर्षे, डिसेंबर २०१३ मध्ये, त्याच न्यायालयाने कलम कायम ठेवले होते. तेव्हा विक्रम सेठ यांच्यासारखा लेखक एका मोठ्या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर, दाढी वाढलेला, आपण गुन्हेगार नाही अशी पाटी हातात धरून उभा राहिला. तो अंक आमच्या घरी आला होता. घरात त्यावर कोणी काही बोलले नाही. अंक रद्दीत गेला.

रद्दीवरून आठवले म्हणून लिहितो. आमच्या नात्यात एक काका होते. अविवाहित, नोकरी बेताची, अक्षर मोत्यासारखे. तांब्यांच्या कविता तोंडपाठ, उत्सवात नाटक बसवायचे तर तेच पुढे. ते स्वतः कविता लिहीत, हे घरात ठाऊक होते. दर रविवारी बाहेरगावचे एक मित्र येत, दोघे किल्ल्यावर चढून जात आणि संध्याकाळी परत येत. मित्राची बदली दूर झाली, मग काका रविवारी एकटेच जाऊ लागले. ते वारले तेव्हा ट्रंकेत सात-आठ वह्या निघाल्या. एका ज्येष्ठ माणसाने त्यांतली दोन-चार पाने वाचली, वह्या मिटल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या घरात नव्हत्या. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो, विचारायची हिंमत झाली नाही. घराची अब्रू, एवढे एक कारण आमच्या कानावर आले. त्या वह्यांत काय होते ते आम्ही सांगू शकत नाही, कारण वाचायला मिळाल्याच नाहीत. चांगल्या होत्या की साधारण, तेही नाही.

आबरूच्या वह्यांचे नशीब थोडे बरे निघाले. सत्तावन्नात बरेच गेले असे समजत होते, पण हस्तलिखिते इकडेतिकडे शिल्लक होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रा. मुहम्मद हसन यांनी ती जुळवून त्याचा दीवान छापला. सी. एम. नईम यांनी उर्दू कवितेतल्या या प्रेमावर अभ्यासपूर्ण लेख लिहिला. सन २००० मध्ये रूथ वनिता आणि सलीम किदवई यांनी भारतीय वाङ्मयातल्या अशा प्रेमाचा जो मोठा इंग्रजी ग्रंथ काढला, त्यात प्राचीन काळापासूनच्या मजकुराबरोबर आबरूही आहे आणि सिराजही. खोड बाहेरून आली म्हणणाऱ्यांना त्या ग्रंथाची जाडीच उत्तर देते.

ग्वाल्हेरात आबरूच्या नावाचा रस्ता किंवा चौक आम्ही तरी पाहिलेला नाही. यंदा समारोहाला जाल तेव्हा तानसेनाकडून परतताना गौस साहेबांच्या इमारतीला एक फेरी मारा. संध्याकाळी जाळ्यांतून ऊन आत येते ते पाहण्यासारखे असते. आबरू लहानपणी या जाळ्यांपाशी खेळला असेल की नाही, कोणी लिहून ठेवलेले नाही. घराण्याचे स्थान मात्र तेच. देवनागरीतल्या त्याच्या गझला आम्ही उतरवून घेतल्या आहेत, कठीण शब्दांचे अर्थ समासात लिहिले आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी उत्सवाच्या दहा दिवसांत आरतीनंतर मांडवात भेटावे, वही सोबतच असते.